गोड्या पाण्याची विहीर

आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, ही गोष्ट आमच्या घरात वादाच्या पलीकडची होती. देव आहे की नाही यावर बाबा एखादवेळी वाद घालू देत, पाण्यावर नाही. अमरावतीला राजापेठेकडच्या आमच्या गल्लीत तेव्हा दहा-बाराच घरं होती आणि विहिरी तीन. पण तुरीची डाळ शिजायची ती आमच्याच पाण्यात. बाजूच्या काकू सकाळी दोन घागरी शेंदून नेत आणि रोज न चुकता म्हणत, "तुमच्या पान्यात दाय कशी लोन्यावानी शिजते बाप्पा!" आई वरून काही बोलत नसे, पण मग भाकरी थापताना तिचे हात जरा जास्तच जोरात वाजत. माझ्या लहानपणाचे आवाज कोणते म्हणाल तर हेच. परसातल्या रहाटाची कुरकुर, आईच्या भाकरीची थापथाप, आणि शाळेत जाण्याआधी बाबा ओट्यावर बसून शिळ्या भाकरीचा कुस्करा ठेच्याशी खात तेव्हाचं त्यांचं हुस्स-हुस्स. आता मी ऐंशीच्या घरात आहे. नळाचं पाणी यंत्रातून गाळून येतं, तरी मी ते गॅसवर ठेवून खळखळा उकळते. सुना हसतात. हसा म्हणावं. का उकळते ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझी थोरली बहीण शांताताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला दिली होती अकोल्याकडे, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात. तिकडे जमिनीच्या पोटातच मीठ. विहीर कुठंही खणा, पाणी खारट. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आईच्या गळ्यात पडायचं सोडून तिनं आधी माठ गाठला. उभ्या-उभ्या तीन फुलपात्रं पाणी प्याली. "आई व, तिकडं चहा बी मिठाचा लागते," म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली. बाबा म्हणाले, "चांगलं हाये की, तुह्या सासूची भाजी कधी अळणी होनार नाही." आम्ही सगळे हसलो. आईनं मात्र ते मनात धरलं. पुढं ताईला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं, तेव्हा आई भेटेल त्याला सांगत सुटली, "बाकी काई नको तिले. दोन-तीन महिने गोडं पानी पिऊ द्या माह्या लेकीले."

बाबांनी ताईसाठी आणखी एक गोष्ट केली. तोवर गल्लीत सगळे टोपलीचे, रोज मैला उचलून न्यावा लागणारे संडास होते, तेही परसाच्या पार टोकाला. जड पायाच्या पोरीनं चिखलातून तिथवर कसं जायचं, म्हणून त्यांनी श्रावणात घराला अगदी लागून खड्ड्याचा नवा संडास बांधून घेतला. बाबा शाळामास्तर, त्यांना सुधारणेची भारी हौस. आल्यागेल्याला देऊळ दाखवावं तसा ते तो संडास दाखवत. घराला लागून म्हणजे विहिरीलाही लागून, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी काय झालं असतं? पाणी विहिरीत, घाण खड्ड्यात, मध्ये चांगली सात-आठ पावलं जमीन, दोघांचा एकमेकांशी संबंध काय, असंच आम्ही म्हटलं असतं.

भाद्रपदात बाबांनाच कावीळ झाली. डोळे पिवळेधम्मक, अन्नाचा वास नको, लघवी काळ्या चहासारखी. आईनं चांदूर बाजार गावाहून माळवाल्या बुवाला बोलावलं. आमच्याकडे काविळीवर हा उपाय ठरलेलाच. बुवा कसल्याशा काड्यांची बारीक माळ दोऱ्यात गुंफून डोक्यावर ठेवायचा, ती सैल होत होत गळ्यात यायची, मग पोटावर. जेवढी माळ वाढेल तेवढी कावीळ उतरते, असा हिशेब. बाबांची माळ बेंबीपर्यंत आली आणि तीन आठवड्यांत बाबा वरण-भात मागू लागले. आईनं बुवाला धोतरजोडी दिली. त्या माळेशी काविळीचा काही संबंध नव्हता, ती बहुतेकांची आपली आपणच उतरते, हे मला कळायला पन्नास वर्षं लागली.

ताई घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आली. पुढचे पाच आठवडे आमच्या घरात जे सुख नांदलं ते पुन्हा कधी नांदलं नाही. आई तिच्यासाठी कढीगोळे करायची, कमी तिखटाची पाटवडी करायची, अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालायची. ताई खाटेवर बसून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायची. बायांना डोहाळे लागतात चिंचांचे, बोरांचे. आमच्या ताईला लागले ते पाण्याचे, तेही माठातल्या नव्हे, आत्ता शेंदलेल्या. "सुमे, एक बादली काढ न व," ती म्हणायची. मी शाळेतून आले की दप्तर फेकून आधी विहिरीवर. ती फुलपात्र तोंडाला लावून डोळे मिटून प्यायची आणि मग पोटावर हात ठेवून बाळाला सांगायची, "पेलं का रे? हे तुह्या आजीचं पानी."

दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. दुपारच्याला दारात सायकल टेकवून एक विशीतला माणूस उभा राहिला. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, आणि पिशवीला नाक चुरचुरेल असा उग्र वास. "म्युनिशिपालटीतून आलो जी. गावात कावीळ पसरून राहिली. विहिरीत औषध टाकाचं हाये." त्याचं नाव सुखदेव. मॅट्रिक झालेला होता. दोन-तीन वर्षांपूर्वीच त्याच्या वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला होता. हे आम्हाला इतक्या लवकर कसं कळलं? आईनं विचारलं म्हणून. आमच्याकडे माणसाचं नाव विचारायच्या आधी वस्ती विचारायची रीत होती. वस्ती कळल्याबरोबर आई परसाच्या दारात आडवी उभी राहिली.

"तिथंच थांब. विहिरीवर चढाचं नाही. आमच्या घरी सोवळं असते."

"मास्तरीणबाई, मी काई पान्याले हात लावून नाही राहिलो. औषध सोडतो अन् जातो."

"पुडी ठेव त्या पायरीवर. आमी टाकू."

"अशी ठेवाचा हुकूम नाही मले," सुखदेव म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर नव्या संडासावर गेली, तिथून विहिरीवर गेली, आणि त्याचा आवाज चढला. "हे कोनी बांधलं इथं? एवढ्या जवळ? पाऊस आला का खड्ड्यातलं सारं विहिरीत पाझरते, बाई! हे पानी उकडल्याबिगर प्याचंच नाही."

बाबा आतून आले. माणूस मनाचा भला. शाळेत सगळ्या पोरांना एकाच माठातलं पाणी पाजायचे, त्यावरून गावाशी भांडले होते. पण त्या दिवशी त्यांना संडासाला नाव ठेवल्याचा राग आला. "तू मले शिकवून राहिला का?" ते म्हणाले, "दे ती पुडी. ही पोट्टी टाकते." सुखदेव घुटमळला. मग पायरीवर पुडी ठेवून त्यानं मला सगळं नीट समजावून सांगितलं. भुकटी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं, मग तासभर विहिरीला हात लावायचा नाही. "करशीन न, पोरी?" मी मोठ्या तोऱ्यात मान हलवली. तेरा वर्षांची होते मी.

मी पुडी उघडली मात्र, ताईला खाटेवरूनच ढवळून आलं. ओकारी काढून झाल्यावर तोंड पुसत ती म्हणाली, "सुमे, हे टाकलं तं पान्याची चवच जाईन न व." एवढंच म्हणाली. टाकू नको असं ती म्हणाली नाही, हे मी इथं शपथेवर लिहिते. ते माझं मी ठरवलं. पुडी उचलली, नव्या संडासाच्या खड्ड्यात रिकामी केली, वर तांब्याभर पाणी ओतलं. बाबांनी विचारलं, "टाकलं का?" मी म्हटलं, "टाकलं." तासाभरानं ताईला ताजी बादली काढून दिली. ती प्याली आणि म्हणाली, "बाप्पा, चव तं आहे तशीच हाये!" मला इतका आनंद झाला की दिवसभर मी नुसती उड्या मारत होते.

पाचव्या दिवशी ताईनं ताट बाजूला सारलं. बारीक ताप, मळमळ. आणखी तीन दिवसांनी डोळे पिवळे झाले. घाबरलं कोण? कुणीच नाही. कावीळच तर आहे, बाबांची नाही का उतरली! बुवा आला, माळ ठेवली. माळ वाढत होती, आई रोज बोटांनी मोजून खूश होत होती, आणि ताई दिवसेंदिवस झोपाळू होत होती. एका सकाळी मी पाणी घेऊन गेले तर ती माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहायला लागली. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "वन्सं, पानी खारट हाये हो." मला ती नणंद समजत होती. आमच्या पाण्याला खारट म्हणत होती. माझ्या हातातलं फुलपात्र खाली पडलं, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

टांग्यात घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी ती माळ कात्रीनं कापून टाकली. मग बाबांना म्हणाल्या, "इतके दिवस घरी ठेवलं? अहो मास्तर, ही कावीळ तुम्हाआम्हाला होऊन जाते. दिवस भरत आलेल्या बाईचा जीव घेते." तिसऱ्या दिवशी सकाळी ताई गेली. पोटातलं बाळ तिच्या आधीच गेलं होतं. एकवीस वर्षांची माझी बहीण, पंधरा दिवसांपूर्वी खाटेवर बसून दुपटी शिवत होती, आणि काविळीनं मेली! ज्याला आमच्यात कुणी आजारसुद्धा म्हणत नव्हतं, त्यानं! मी रडले नाही. मला रडूच येईना. मी नुसती त्या शिवून ठेवलेल्या दुपट्यांच्या घड्या घालत होते, मोडत होते, परत घालत होते.

सुतक चालू होतं तेव्हाच आईनं पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं. "त्या मेल्याच्या औषधानं माही लेक गेली." बघता बघता सगळी गल्ली तेच म्हणू लागली. का नाही म्हणणार? मास्तरांच्या विहिरीत औषध पडलं आणि पाचव्या दिवशी मास्तरांची गर्भारशी पोर अंथरुणाला खिळली, याला सगळे साक्षी. बाकीच्या दोन्ही विहिरींवर औषध टाकू द्यायचं नाही असं ठरलं. काकूंच्या सुनेला, विमलला, सहावा महिना होता आणि औषध एव्हाना निवळलं असं धरून ती अजून आमच्याच विहिरीचं पाणी भरत होती. खरं काय ते घरीदारी एकट्या मला ठाऊक होतं. मी ती दुपटी पुढ्यात घेऊन कोपऱ्यात बसून राही.

तेरावं झालं, ताईच्या सासरची माणसं परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुखदेव परत आला. ताईचं त्याला कळलं होतं. सायकल बाहेर ठेवून हात जोडून परसाच्या दारात उभा राहिला. आई जी उठली! "इथं पाय टाकू नको! खाल्ली न माही लेक?" काकू भिंतीपलीकडून धावत आल्या. "आता माह्या सुनेवर डोळा हाये का रे तुहा?"

"औषधानं मानूस मरत नाही, बाई," सुखदेव म्हणाला.

"मंग आमची शांता काहून मेली?"

तो माझ्याकडे वळला. "पोरी, मी सांगतलं तसंच टाकलं होतं न? गाळ बसू देल्ला होता न?"

त्याच वेळी विमल कमरेवर घागर घेऊन विहिरीची पायरी चढत होती. एक हात कमरेला, पावलं जपून. ताई अशीच चढायची. मी ओरडलेच. "मी टाकलंच नाही! पुडी संडासात ओतली मी! पान्याची चव जाईन म्हनून!"

विमल पायरीवरच थांबली. सुखदेव मटकन पुडी ठेवली होती त्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "पंधरा दिवस झोप नाही मले. वाटे, आपल्याच हातून जास्त पडलं का काय." मग आईकडे न पाहता हळूच म्हणाला, "त्या दिवशी मले चढू देल्लं असतं तं..."

आता आई मला मारणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. मार बसला नाही. डोळे उघडले तेव्हा आई विहिरीवर होती. तिनं बादली शेंदली, स्वतःचं सोवळ्यातलं फुलपात्र राखेनं घासलं, काठोकाठ भरलं आणि सुखदेवसमोर येऊन धरलं. वरून ओतलं नाही, हातात दिलं. "घे," एवढंच म्हणाली. आमच्या घरी माफ कर म्हणायची पद्धत नव्हती. पाणी पुढं केलं की समोरच्यानं समजून घ्यायचं. सुखदेवनं फुलपात्राकडे पाहिलं, संडासाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग तोंडाला लावून सगळं पाणी प्याला. नंतर तो विहिरीवर चढला आणि त्यानं स्वतःच्या हातानं औषध सोडलं. सगळी गल्ली पाहत होती, कुणी आडवं आलं नाही. त्याच दुपारी बाबांनी फावडं घेतलं आणि एकट्यानं माती ओढून तो खड्डा बुजवला. त्या दिवसापासून आमच्या चुलीवर पाण्याचं पातेलं उकळत राहिलं. काकूंकडेही. विमलला माघात मुलगी झाली, दोघी ठणठणीत.

माझ्या पुतणीची लेक डॉक्टर आहे. सत्तरी उलटल्यावर एकदा धीर करून मी तिला हे सगळं सांगितलं. तिनं बोटांवर आठवडे मोजले आणि म्हणाली, "आजी, या काविळीचा विषाणू पाण्यातून पोटात गेला की महिना-दीड महिना दबा धरून बसतो, मग डोळे पिवळे होतात. तुझी ताई पाचव्या दिवशी आजारी पडली ना? म्हणजे ते पाणी ती आली तेव्हाच प्याली होती. तू पुडी टाकली असतीस तरी ती वाचली नसती." आजार बाबांचा, खड्डा बाबांनी हौसेनं बांधलेला, आणि पाणी मी शेंदलेलं. एवढं सगळं आम्ही मायेपोटी केलं! त्या दिवशी मी ताईसाठी पहिल्यांदा पोटभर रडले. साठ वर्षांचं ओझं उतरलं म्हणा. पण तीच बोटं घेऊन मी ज्या दिवशी कबूल केलं तिथून पुढं मोजायला लागले, आणि थांबले. कारण ते उत्तर मला आधीपासून माहीत होतं.

त्या वर्षीची संक्रांत झाली होती. आईनं सुखदेवसाठी तिळगुळाची पुडी बाजूला काढून ठेवली होती. औषध टाकायला आला तो दुसराच माणूस. आईनं विचारलं, "सुखदेव काहून नाही आला?" तो म्हणाला, "बिमार हाये जी. कावीळ झाली त्याले." आई तिथंच खाली बसली. मग उठली, डोक्यावरून पदर घेतला, माझा हात धरला आणि चालायला लागली. जन्मात कधी त्या वस्तीकडे न गेलेली माझी आई विचारत विचारत त्याच्या दारात पोहोचली.

सुखदेव बाजेवर पडला होता. पार वाळला होता, डोळे ताईसारखे. तो पुढं बरा झाला आणि पेन्शनीपर्यंत नोकरी केली, पण ते आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक होतं? आई उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "त्या दिवशीचं पानी न?"

त्यानं मान हलवली.

"तुले तं माहीत होतं रे! तूच सांगतलं आमाले. मंग काहून पेला?"

सुखदेव आढ्याकडे पाहत म्हणाला, "माही माय तुमच्या गल्लीतून जलमभर सरपनाच्या मोळ्या वाहून नेत होती, मास्तरीणबाई. तहान लागली तं वरून ओंजळीत ओतत, तेही कोनाच्या मनात आलं तं. तुमी भांडं हातात देल्लं. ते वापस कसं करू?"

त्याची म्हातारी माय आतून आली. तिच्या हातात घासून लखलखीत केलेला पितळेचा पेला होता, पाण्यानं भरलेला. तिनं तो आईपुढं धरला. आईचा हात वर आला आणि मध्येच थबकला. किती वेळ, एक श्वासभर, पण थबकला. मला दिसलं, सुखदेवला दिसलं. त्या म्हातारीलाही दिसलंच असणार.

"घ्या, बाई. भेऊ नका," ती म्हणाली, "आमच्या घरचं उकडलेलं हाये."